वार्धक्यातील स्मृतिभ्रंश व कंपवात : संशोधन आणि घर
(भरे, ता. मुळशी येथील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव होणे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या पिढीने ही वाटचाल घडविली ती पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्यापैकी काहींची विचारपूस करावयास गेल्यास दोन वाक्ये हमखास कानी पडतात. "बाबांना हल्ली काही आठवत नाही, वय झाले," हे एक, आणि "हात कापतो, अशक्तपणा आला आहे," हे दुसरे. एका वाक्यात दोष वयाला दिला जातो, दुसऱ्यात अशक्तपणाला. आणि दोन्ही ठिकाणी विचार तेथेच थांबतो. वैद्यकीय संशोधनाने मात्र या दोन्ही अवस्थांना व्याधी मानले आहे. वार्धक्यात त्या अधिक आढळतात हे खरे, पण वार्धक्य म्हणजे त्या व्याधी नव्हेत.

प्रथम कंपवाताचा विचार करू. आयुर्वेदाला हे नाव परिचित आहे. पाश्चात्त्य वैद्यकात जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ साली अवघ्या सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांचेच नाव तिला मिळाले. मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. शरीराच्या हालचाली सुरळीत राहण्यास हे द्रव्य आवश्यक असते. त्या पेशी हळूहळू नष्ट होतात, आणि निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशी गेल्यावरच बाह्य लक्षणे डोळ्यांत भरतात. म्हणजे घरच्यांना व्याधी दिसते तेव्हा ती अनेक वर्षांची जुनी असते.

ही लक्षणे कोठे पाहावयाची? रुग्णालयात जाण्यापूर्वी ती दुकानात दिसतात. ज्या व्यापाऱ्याने चाळीस वर्षे तागे उलगडले आणि घातले, त्याला घडी घालताना एक हात मागे पडू लागतो. चालताना एका बाजूचा हात हलेनासा होतो. बटण लावावयास वेळ लागतो. चोपडीतील अक्षर ओळीच्या आरंभी ठीक असते व शेवटाकडे मुंगीएवढे बारीक होत जाते. सही जुळत नाही म्हणून बँकेतून धनादेश परत येतो, आणि घरात त्याचे खापर बँकेवर फुटते! हात मांडीवर स्वस्थ ठेवला असता माळ फिरविल्याप्रमाणे अंगठा व बोटे हलत राहतात. हात कामाला लावला की हा कंप कमी होतो. उलटपक्षी, चहाचा कप उचलतानाच ज्याचा हात थरथरतो त्याला बहुधा निराळा विकार असतो. प्रत्येक कंप म्हणजे पार्किन्सन्स नव्हे, आणि प्रत्येक पार्किन्सन्समध्ये कंप असतोच असेही नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. कित्येकांत हालचाल मंदावण्यापूर्वी काही वर्षे वास येईनासा होतो, हिंगाची फोडणी पडली तरी कळत नाही. जुनाट बद्धकोष्ठ असते. झोपेत स्वप्नाबरोबर ओरडणे, हातपाय झाडणे सुरू होते. यांतील एकेक गोष्ट सुटी घेतली तर ती कोणालाही असू शकते. सर्व एकत्र दिसल्यास मात्र तज्ज्ञांना दाखविणे शहाणपणाचे.

येथे एक विषयांतर आवश्यक आहे, कारण हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे. काही औषधांमुळेही हुबेहूब कंपवातासारखी अवस्था होते. चक्करीसाठी दिले जाणारे सिनारिझिन व फ्लुनारिझिन, उलटीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड आणि ॲसिडिटीच्या काही संयुक्त कॅप्सूलमध्ये असणारे लेव्होसल्पिराइड ही त्यांतील नेहमीची नावे. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी जुनी चिठ्ठी दाखवून दोन-दोन वर्षे घेत राहणे ही व्यापारी घरांतील काटकसर भलत्या जागची आहे. असे औषध वैद्यकीय सल्ल्याने थांबविले तर पुष्कळांची लक्षणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतात.

आता स्मृतिभ्रंश. याला इंग्रजीतील डिमेन्शिया हा शब्दही आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. हा एक आजार नसून अनेक आजारांचे सामाईक नाव आहे. त्यांत सर्वाधिक आढळणाऱ्या आजाराला आलॉइस अल्झायमर यांचे नाव आहे. त्यांनी जर्मनीतील एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूतील बदल १९०६ साली प्रथम मांडले. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने येणारा स्मृतिभ्रंश हा दुसरा मोठा प्रकार. मधुमेह व रक्तदाब घरोघरी असलेल्या समाजात तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. कंपवाताच्या अनेक रुग्णांनाही पुढे स्मृतिभ्रंश होतो, म्हणून या दोन विषयांचा एकत्र विचार करावा लागतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे ही वयाची गोष्ट आहे. चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे ही व्याधी आहे. एखाद्या व्याह्यांचे नाव न आठवणे चालते. परंतु ज्या मनुष्याचा रोजमेळ कधी एका रुपयाने चुकला नाही त्याला उधारी व जमा यांतला फरक कळेनासा व्हावा, एकाच व्यापाऱ्याला दोनदा पैसे द्यावे, रोजच्या मंदिराच्या वाटेवर चुकावे, हे "वय झाले" म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

या व्याधी समाजात किती आहेत हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजणी करणाऱ्याला घराचे दार उघडावे लागते. या बाबतीत मुंबईच्या पारशी समाजाचे उदाहरण मुद्दाम सांगण्याजोगे आहे. डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० व्यक्तींची पाहणी केली. आधी प्रशिक्षित पाहणी करणाऱ्यांनी ठरावीक प्रश्न विचारावयाचे आणि ज्यांच्याबद्दल शंका येईल त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासावयाचे, अशी पद्धत होती. त्यांत कंपवाताचे ४६ रुग्ण आढळले, म्हणजे दर लाखाला सुमारे ३२८. हे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले आणि आजही जगभरचे अभ्यासक त्यांचा उल्लेख करतात. हा आकडा मोठा दिसतो त्याचे एक प्रमुख कारण असे की, पारशी समाजात वृद्धांचे प्रमाणच अधिक होते. वयाचा फरक जमेस धरल्यावर तो बराच खाली येतो. लहानसा, सुशिक्षित, व्यापार-उद्योगात असलेला समाज, ज्यात मुले कमी आणि वृद्ध अधिक: हे वर्णन ऐकताना जैन समाजाला ते परके वाटू नये. २०११ च्या जनगणनेत देशात जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख होती व त्यांत सर्वाधिक, सुमारे चौदा लाख, महाराष्ट्रात होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जैन स्त्रियांचा एकूण जननदर १.६ आढळला. याचा अर्थ पुढील वीस वर्षांत प्रत्येक जैन घरात सांभाळावयाचे वृद्ध अधिक आणि सांभाळणारे हात कमी असणार आहेत.

स्मृतिभ्रंशाचे आकडेही पाहावयास हवेत. मुंबईतील एका मोठ्या पाहणीत, जी २००१ साली प्रसिद्ध झाली, ६५ वर्षांवरील व्यक्तींत हे प्रमाण सुमारे अडीच टक्के निघाले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज असा की, भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. यावरून आजार वीस वर्षांत तिप्पट झाला असा निष्कर्ष काढू नये. तपासणीची पद्धत वेगळी, वयोगट वेगळा. गजाने मोजलेले आणि मीटरने मोजलेले कापड एकाच रकान्यात मांडता येत नाही. या अभ्यासातील दुसरी गोष्ट मात्र भरे, घोटावडे, पिरंगुट या पट्ट्यातील लोकांनी लक्षात घ्यावी. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले. शिक्षणाची कमतरता हे त्याचे एक कारण मानले जाते. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाच्या पाठीमागे गावातल्या घरात एकटी राहणारी आजी या आकड्यात आहे.

जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत असताना लोकसंख्येवर आधारित संशोधनातील एक-दशांशही संशोधन त्या देशांत होत नव्हते. या विषमतेवरून '१०/६६' असे नाव घेतलेला संशोधकांचा गट १९९८ साली कोचीन येथे स्थापन झाला. पैशाची कमतरता हे या विषमतेचे एक कारण आहेच. परंतु दुसरे कारण घरात आहे. नातीचे लग्न ठरावयाचे आहे, भागीदारांना कळता कामा नये, बाजारात पत जाईल, अशा विचाराने वृद्ध मनुष्याला आतल्या खोलीत ठेवले जाते. जो रुग्ण पाहुण्यांनाही दिसत नाही तो संशोधकाला कसा दिसणार? त्याहून वाईट म्हणजे तो डॉक्टरांनाही दिसत नाही. कारण "सर्व ठीक आहे" हे उत्तर त्यांनाही दिले जाते.

पुण्यातच झालेल्या एका संशोधनाचा संबंध तर थेट जैन स्वयंपाकघराशी पोहोचतो. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेडी, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. शाकाहारी व्यक्तींत ही कमतरता असण्याची शक्यता इतरांच्या चौपटीहून अधिक होती. हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत वा भाजीत नसते. शाकाहारी मनुष्याला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. वय वाढले की जठरातील शोषण घटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन व ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास ते आणखी घटते. ब-१२ फार कमी झाल्यास हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, मन उदास होते आणि विस्मरण होते. वेळीच लक्षात आले तर ही हानी भरून निघू शकते. फार उशीर झाल्यास पूर्णपणे भरून निघत नाही.

मात्र येथे अतिशयोक्ती नको. ब-१२ च्या गोळीने अल्झायमर बरा होत नाही. रक्तात आकडा कमी निघाला म्हणजे स्मृतिभ्रंश झाला असेही नव्हे. परंतु विस्मरण झालेल्या प्रत्येक शाकाहारी ज्येष्ठाची ब-१२ व थायरॉइड या दोन तपासण्या न करता त्याला "असाध्य" ठरविणे हा अन्याय आहे. काहींना शंका असते की हे औषध चालते का. कारखान्यात हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने किण्वनाने तयार होते. प्राण्याच्या अवयवांपासून काढावे लागत नाही. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. म्हणून साधी गोळी वा इंजेक्शन मागून घ्यावे. शाकाहार सोडण्याचे कारण नाही.

औषधांच्या इतिहासातही या मातीचा वाटा आहे. मुळशीच्या रानात पावसाळ्यानंतर खाजकुइलीच्या शेंगा दिसतात. अंगाला लागल्या तर काय होते हे सांगावयास नको. तिच्या बिया म्हणजे आयुर्वेदातील कपिकच्छू, कवचबीज. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या संशोधकांनी या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढले. डोपामिन थेट दिले तर ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते व तेथे त्याचे डोपामिन होते. १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी अमेरिकेत मोठ्या मात्रेतील या औषधाने कंपवाताचे रुग्ण सुधारतात हे दाखविले, आणि आजही तेच मुख्य औषध आहे. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कवचबीजाच्या चूर्णाचा रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या काटेकोर चाचणीत या चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर येतो व अधिक वेळ टिकतो असे दिसले. आठ रुग्ण ही संख्या फार लहान आहे, हे विसरता कामा नये. गोळ्या चालू असताना कोणाच्या सांगण्यावरून हे चूर्ण घेणे म्हणजे तेच औषध दुप्पट घेणे होय. त्याने भ्रम होतो, अंग वेडेवाकडे हलू लागते.

या औषधाचा प्राण त्याच्या वेळेत आहे, आणि येथेच धर्माचरणाचा प्रश्न उपस्थित होतो. आजार वाढल्यावर एका गोळीचा गुण तीन-चार तासांत ओसरतो व मनुष्य अक्षरशः जागच्या जागी थिजतो. पहाटेची गोळी नवकारशीच्या आड येते. रात्रीची गोळी चौविहाराच्या आड येते. पर्युषणात उपवास वा अठ्ठाई करताना काही ज्येष्ठ गोळ्या एकदम बंद करतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. लेव्होडोपा अचानक थांबविल्यास शरीर ताठरते, तीव्र ताप येतो, शुद्ध हरपते आणि जीवावर बेतू शकते. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगारांची, म्हणजे सवलतींची, व्यवस्था पूर्वाचार्यांनी विचारपूर्वकच ठेवली आहे. तेव्हा पर्युषणापूर्वी महिनाभर अगोदर डॉक्टरांना सूर्यास्ताची वेळ सांगून औषधांचे वेळापत्रक बसवून घ्यावे आणि पूज्य महाराज साहेबांना आजाराची खरी स्थिती निवेदन करावी. घरच्यांनी दोघांपासूनही काही लपवू नये. आणखी एक बारीक गोष्ट: डाळ, पनीर, दूध यांतील प्रथिने या औषधाच्या शोषणाशी स्पर्धा करतात. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी असे सांगितले जाते. डाळ बंद करावयाची नाही. वेळ बदलावयाची आहे.

अल्झायमरसाठी २०२३ व २०२४ मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब व डोनानेमॅब या नव्या औषधांना मान्यता मिळाली. ती मेंदूत साचलेले एक प्रथिन दूर करतात, पण गेलेली स्मृती परत आणीत नाहीत. केवळ आरंभीच्या अवस्थेतील ऱ्हास थोडा मंदावतात. मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एम.आर.आय. करावे लागते. वर्तमानपत्रातील मथळ्यांवरून घर विकावयास निघण्याइतके ते औषध नव्हे. त्यापेक्षा २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने मांडलेली गोष्ट अधिक उपयोगाची आहे: जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश चौदा कारणांशी निगडित आहे व ती बदलता येण्यासारखी आहेत. रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठे जीवन, एकटेपणा ही त्यांतली काही; आणि त्यांतच आहे बहिरेपण. श्रवणयंत्र लावण्याची लाज बाळगून गादीवर मुका बसलेला मनुष्य संभाषणातून बाहेर पडतो आणि मेंदूचा व्यायाम थांबतो.

औषधाइतकेच महत्त्व सेवेचे आहे, आणि त्यावरही संशोधन झाले आहे. शेजारच्या गोव्यात डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची ८१ कुटुंबे घेऊन एक पद्धतशीर चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच सामान्य शिकलेल्या व्यक्तींना आठवडाभराचे प्रशिक्षण देऊन त्यांना निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा पाठविले. त्या घरी जाऊन आजाराची माहिती देत, रुग्ण चिडला तर काय करावे ते सांगत, सांभाळणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेत; अडचण आल्यास मागे मानसोपचारतज्ज्ञ होते. सहा महिन्यांनंतर या घरांतील सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य इतरांहून स्पष्टपणे चांगले आढळले. रुग्णाच्या वागणुकीचा त्यांना होणारा जाच कमी झाला. यात ना यंत्र होते, ना महागडे औषध. सांभाळणारी बहुधा सूनच असते. दिवसातून दहा वेळा तोच प्रश्न ऐकणाऱ्या आणि "माझे पैसे हिनेच घेतले" हा आरोप सोसणाऱ्या त्या सुनेची विचारपूस नातेवाइकांच्या बैठकीत कोणी करीत नाही.

कंपवातासाठी मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज ॲण्ड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करीत आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व कुटुंबीयांचा स्वमदत गट आहे. नर्तक ऋषिकेश पवार यांनी पुण्यात या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले. संगीताचा ठेका मिळाला की थिजलेले पाऊल पुढे पडते, हे तेथे पुष्कळांनी अनुभवले. भरे येथून पुण्याला दर आठवड्याला जाणे वृद्धांना जमणारे नाही. परंतु ट्रस्टचे सभागृह दुपारी रिकामे असते. समाजातील दोन-तीन भगिनींनी गोव्याप्रमाणे प्रशिक्षण घेतले आणि आठवड्यातून एक दुपार ज्येष्ठांना सभागृहात बसविले, हालचाली, स्तवने, गप्पा घेतल्या, तर घरातील सुनेला तीन तास मोकळे मिळतील. ब-१२ व रक्तदाबाच्या तपासणीचे शिबिर त्याच दिवशी घेता येईल. पुढे एखाद्या संस्थेने पाहणी करावयाची इच्छा दर्शविल्यास, पारशी वसाहतींप्रमाणे, दारे उघडणारी घरे तिला येथे मिळावीत.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना सर्व चालू औषधांची पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णासह, पिशवीत घालून न्यावीत. झोपेतील ओरडणे किंवा हाताचा कंप मोबाइलवर टिपून न्यावा, कारण दवाखान्यात पोहोचल्यावर तो नेमका दिसत नाही. सोबत रोज जवळ असणारी व्यक्ती असावी, केवळ गाडी चालविणारा मुलगा नको. आणि घरात जुनी चोपडी असेल तर तिचे दहा वर्षांपूर्वीचे एक पान व या महिन्यातील एक पान बरोबर ठेवावे. अक्षर केव्हापासून बारीक होत गेले हे डॉक्टरांना त्यावरून पाहता येते.